घाटातली नऊ मिनिटे

मनुष्याने एखादी कृती केली आणि तिचे कारण सांगण्यास नकार दिला, तर त्या नकाराचा अर्थ लावण्याचा अधिकार इतरांना कितपत पोहोचतो, हा प्रश्न मी आयुष्यभर ग्रंथांतून वाचीत आलो होतो. शास्त्रे मौनाला कधी संमती मानतात, कधी व्रत मानतात. जग मात्र बहुधा त्याला चोरी मानते. हा प्रश्न माझ्यासमोर देहधारी होऊन उभा राहिला तो वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, कराडमधल्या एका ट्रक वाहतुकीच्या कचेरीत, सकाळी साडेदहाच्या सुमारास. त्यात माझाही हात होता, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

“सही करणार न्हाई,” यल्लाप्पा धोत्रे म्हणाला आणि त्याने कागद टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला.

यल्लाप्पा पंचावन्न वर्षांचा ड्रायव्हर. ठेंगणा, रुंद हाडापेराचा, बोलण्यात मोजका. वडार समाजातल्या त्याच्या वडिलांनी कोयनेच्या रस्त्यासाठी खडी फोडली होती, आणि मुलगा त्याच रस्त्याने तीस वर्षे ट्रक नेत होता. टेबलापलीकडे बसली होती गिरिजा पिसाळ. वडील गेल्यावर सत्तावीस ट्रकांचा कारभार तिच्या अंगावर पडला, आणि तिने तो नेटाने सांभाळला. शाळेत ती माझी विद्यार्थिनी होती, म्हणून मला ‘गुरुजी’ म्हणे. ड्रायव्हर मंडळी, मी जंगम असल्यामुळे, ‘स्वामी’ म्हणत. काशीच्या मठात सहा वर्षे व्याकरण शिकून आणि चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो. गिरिजाच्या आग्रहावरून कचेरीचा मराठी पत्रव्यवहार पाहत होतो.

“यल्लाप्पाकाका, जरा समजून घ्या,” गिरिजा म्हणाली. “तीन महिन्यांत चौदा वेळा तुमची गाडी कुंभार्ली घाटात थांबलीय. कधी सात मिनिटं, कधी नऊ. जीपीएस खोटं बोलत नाही.”

“मी कुठं म्हणतो खोटं बोलतं? थांबलो की.”

“कशाला थांबलात?”

“काम हुतं.”

“कसलं काम?”

“रस्त्याचं.”

गिरिजाने माझ्याकडे पाहिले. घाटात थांबणाऱ्या ट्रकाविषयी या धंद्यात काय बोलले जाते, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होते. कोणी डिझेल काढून विकतो, कोणी चार माणसे चढवतो, कोणी पोत्यात हात घालतो. यल्लाप्पाच्या टाकीतले डिझेल प्रत्येक वेळी बरोबर भरले होते, पोतीही पूर्ण होती. त्यामुळे तर संशय अधिकच बळावला होता. जो चोर सापडत नाही तो मोठा चोर, अशी लोकांची रीत आहे.

त्या वर्षी सगळ्या गाड्यांना ते यंत्र बसले होते. घाटाखाली कोकणात एक कारखाना होता, आमचा निम्मा माल त्याच्याकडे जाई. त्या कारखान्याने अट घातली होती की गाडी कोठे, किती वेळ थांबली, हे त्यांना आठवड्याला कळले पाहिजे, आणि ज्या थांब्याचे कारण नाही त्याबद्दल ड्रायव्हरने लेखी कबुली दिली पाहिजे. कबुली नाही, तर तो ड्रायव्हर त्यांच्या फाटकातून आत येणार नाही.

“स्वामी, वाचून दावा पुन्यांदा,” यल्लाप्पा म्हणाला.

मी वाचले. “‘वर नोंदविलेल्या चौदा प्रसंगी मी अकारण थांबलो, हे मला मान्य आहे. यापुढे असे घडणार नाही.’”

“अकारण म्हंजे?”

“कारण नसताना.”

“मग ह्यावर सही कशी करू? कारण हुतं.”

“होते तर सांग ना बाबा.”

“त्ये सांगायचं न्हाई.” तो माझ्याकडे शांतपणे पाहत म्हणाला, “कारण नसणं येगळं, स्वामी, आन् तुमास्नी ठाव नसणं येगळं.”

खरे सांगतो, मला राग आला. व्याकरण शिकवण्याचा अधिकार माझा, आणि हा मला शब्दांतला भेद शिकवतो! मी कागद घडी करून फायलीत ठेवला.

गिरिजाने शनिवारची मुदत दिली. “सही नाही झाली, तर मला तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल, काका. माझ्या हातात नाही.”

“तुमच्या हातात न्हाई, यंत्राच्या हातात हाय,” तो म्हणाला. “ताई, तुमचे तात्या म्हणायचे, पोचलास की चिपळूणच्या हाटेलातून फोन कर. बास. मधला रस्ता माझा असायचा. आता मधला रस्ता तुमचा, आन् पोचायचं तेवढं माझं.”

तो गेल्यावर गिरिजा बराच वेळ पेन्सिल फिरवीत बसली. मग म्हणाली, “गुरुजी, उद्या त्याची गाडी घेऊन तो चिपळूणला जातोय. तुम्ही त्याच्याबरोबर जा. तुमच्यासमोर तो लपवणार नाही.”

“म्हणजे मी पहारा करावा?”

“म्हणजे तुम्ही बघावं. एवढंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी धोतर सावरीत दहाचाकी ट्रकाच्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा आवारात टायर ठोकीत उभा असलेला दुसरा ड्रायव्हर बशीर मुजावर मोठ्याने म्हणाला, “यल्लाप्पा, आज कंपनीचं नवं मॉडेल दिसतंय! जीपीएसला पाय फुटले की रं!”

“चांगलं हाय की,” यल्लाप्पा आतून म्हणाला. “ह्ये जीपीएस निदान शिवमंत्र तरी म्हणंल. या स्वामी, हात द्या.”

कराड सोडून आम्ही पाटणपर्यंत आलो. गाडीत स्टार्चची पोती होती. वळणावर त्यांचे वजन मागे हलके हलके जाणवे. आरशाजवळच्या डबीतून एका स्त्रीचा आवाज मधूनमधून हिंदीत गती आवरण्याची विनंती करी.

“ही बाई फार बोलते,” मी म्हणालो.

“बोलू द्या. वेगाचं सांगती त्ये बरोबर हाय. तिच्याशी माजं भांडण न्हाई.” त्याने गियर बदलला. “माझा पोरगा पुण्यात मोबाईल दुरुस्त करतो. म्हणतो, आबा, तुमच्या लायनीत आता कोण येतंय? ट्रकात बसायचं म्हंजे फिरत्या कोठडीत बसायचं. खरं हाय त्येचं. आमच्या आवारात चाळिशीच्या आतला ड्रायव्हर दाखवा बघू एक. आमी गेलो की ह्या गाड्या कोन हाकनार? ही बाई?”

“मग तू मुलाला या धंद्यात का आणले नाहीस?”

“न्हाई आणलं,” एवढेच तो म्हणाला.

हेळवाक मागे पडले, घाटमाथा आला, आणि रस्ता कोकणाकडे कोसळू लागला. ऊन स्वच्छ होते. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे यल्लाप्पाने गाडीचा वेग मंदावला, डाव्या कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. डबीतली बाई लगेच टीं टीं करू लागली.

“आला तुमचा थांबा,” तो म्हणाला आणि खाली उतरला.

मी काचेतून पाहिले. वळणाच्या पोटात, रस्त्याच्या ऐन मधोमध, डोक्याएवढे चार दगड पडलेले होते. दरड कोसळलेली नव्हती. ते मुद्दाम मांडलेले होते. हे प्रकरण घाटात फिरणाऱ्याला परिचयाचे आहे. चढणीवर किंवा उतारावर ट्रक बिघडला की ड्रायव्हर चाकांना दगड लावतो आणि मागून येणाऱ्यांना कळावे म्हणून रस्त्यावरही काही मांडतो. दुरुस्ती झाली की घाईघाईने गाडी काढतो आणि निघून जातो. दगड जागच्या जागी राहतात.

यल्लाप्पाने प्रथम सीटखालून एक लाकडी ठोकळा काढून आपल्या मागच्या चाकाला लावला. मग कडेच्या झुडपाची फांदी मोडून पन्नास पावले मागे रस्त्यावर ठेवली. त्यानंतर तो एकेक दगड उचलू लागला. दरीत ढकलून देणे सोपे होते, पण खाली त्याच रस्त्याचे दुसरे वळण होते, म्हणून प्रत्येक दगड छातीशी धरून तो आतल्या, डोंगराकडच्या गटारात नेऊन ठेवी. मीही उतरलो. एक दगड उचलण्याचा प्रयत्न केला. तो गुडघ्यापर्यंत आला आणि माझ्याच पायावर पडता पडता राहिला.

“ऱ्हाऊ द्या, स्वामी. ह्ये तुमचं व्याकरण न्हाई.”

शेवटी त्याने फांदी उचलली, ठोकळा काढला. मी घड्याळ पाहिले. नऊ मिनिटे झाली होती.

“एवढेच?” मी विचारले. “चौदाही वेळा हेच?”

“हेच.”

“अरे वेड्या, मग हे सांगत का नाहीस? हे तर पुण्यकर्म आहे! गिरिजा तुझा सत्कार करील!”

“त्येच तर न्हाई सांगायचं,” तो एकदम कठोर स्वरात म्हणाला. “ताई चांगली हाय. शाल आणंल, नारळ देईल. कारखान्यात रस्ता सुरक्षेच्या फळ्याला माझा फोटू लावत्याल. स्वामी, गुन्हेगाराच्या गळ्यात हार घालायचा नसतो.”

तो कठड्यावर बसला आणि दरीकडे पाहत बोलू लागला. मी त्याचे शब्द शक्य तितके तसेच ठेवले आहेत.

“एकोणीस वर्सं झाली. ह्याच वळणावर माझ्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. चाकांना न् रस्त्यावर मिळून पाच दगड लावलं. हेळवाकचा मिस्त्री आला, दिवस कलता कलता काम झालं. धुकं उतरायला लागलं हुतं. घरी दुसऱ्या दिवशी पोरीचा साखरपुडा. मी दगड उचलाय लागलो. तीन उचललं. दोन ऱ्हायलं. मोजलं न्हाईत. घाई हुती. चार दिवसांनी परत आलो, तवा हितं कठडा फुटलेला. खाली चुरा झालेली मोपेड. चहावाला म्हणाला, पोफळीच्या वीज केंद्रातला वायरमन हुता, सदानंद घाग. वर हेळवाकला लायनीच्या कामावर आलता, तिथनं घरी पोफळीला चालला हुता. दोन ल्हान पोरं.”

“पोलिसांना कळले?”

“कागदावर लिवलं त्येंनी. कारण, दाट धुकं. मी गप ऱ्हायलो.” त्याने तळहातावरची माती झटकली. “त्येच्या दारापत्तुर गेलो हुतो एकदा. बायको अंगणात पापड वाळवत हुती. मागं फिरलो. तवापास्नं ह्या घाटात दगड दिसला की थांबतो. एकोणीस वर्सं कुणी इचारलं न्हाई. आता यंत्र इचारतं.”

“यल्लाप्पा...”

“आईका. त्या माणसाच्या मरणाला एकदा कागदावर खोटं कारण लागलं, आन् मी त्ये लागू दिलं. आता दुसऱ्यांदा मीच सही करून द्यायची की कारणच न्हाई? म्हंजे त्यो माणूस मेलाच न्हाई? न्हाई, स्वामी. गाडी जाऊ दे. पोट जाऊ दे. ही सही मी मरेस्तवर करनार न्हाई. आन् तुमी वर जाऊन काई सांगायचं न्हाई. शिवाची आण हाय तुमास्नी.”

मी शपथ घेतली. गाडी पुन्हा उताराला लागली. पोफळी येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो, पण मला दिसत होता तो कागदच.

कारण ‘अकारण’ हा शब्द माझा होता. पुण्याच्या ज्या मंडळींनी ते यंत्र बनवले, त्यांच्या इंग्रजी कोष्टकात लिहिले होते ‘अनएक्सप्लेन्ड हॉल्ट’, म्हणजे ज्याचे स्पष्टीकरण मिळालेले नाही असा थांबा. त्याचे मराठी करण्याचे काम गिरिजाने माझ्यावर सोपवले, आणि मी मोठ्या तोऱ्यात लिहून दिले: ‘अकारण थांबा’. आटोपशीर, शुद्ध, कोष्टकाच्या रकान्यात नेमके बसणारे. कौतुकही झाले. शब्दाच्या आधी लागणाऱ्या नकाराच्या सहा छटा मी चौतीस वर्षे मुलांकडून घोकून घेतल्या होत्या. वस्तू नसणे आणि वस्तू अज्ञात असणे यांतला भेद माझा नववीतला विद्यार्थीही चुकला नसता. यंत्र म्हणत होते, ‘मला माहीत नाही.’ मी यंत्राच्या तोंडी घातले, ‘नाहीच.’ यंत्राला निकाल द्यायचा नव्हता. तो निकाल देणारा मी होतो. आणि ज्याने कधी पाठशाळा पाहिली नाही त्या माणसाने पहिल्याच वाचनात माझी चूक माझ्यासमोर ठेवली होती.

शनिवारी आम्ही तिघे पुन्हा त्याच टेबलाभोवती बसलो. दारात बशीर मुजावर उभा होता, काही निमित्त काढून.

“गुरुजी, पाहिलंत?” गिरिजाने विचारले.

“पाहिले.”

“मग सांगा.”

“सांगणार नाही.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. “तुम्हीसुद्धा?”

“चोरी नाही, लबाडी नाही, इतके मी लिहून देतो. कारण आहे, आणि ते या कचेरीत आजवर लिहिलेल्या कोणत्याही कारणाहून मोठे आहे. ते सांगण्याचा अधिकार माझा नाही.”

“गुरुजी, मला कारखान्याला उत्तर द्यायचंय, कोडं नाही घालायचं!”

“तर मग खरे उत्तर दे.” मी फायलीतून तो कबुलीजबाब काढला आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे केले. “हा मी लिहिला होता, म्हणून फाडण्याचा अधिकारही माझा. ‘अकारण’ हा शब्द खोटा आहे. पुण्याला मी कालच पत्र टाकले आहे. यापुढे त्या रकान्यात छापून येईल: ‘कारण चालकास ज्ञात’.”

“कारखान्याचे लोक हसतील हे वाचून.”

“हसू देत. खोटे वाचून समाधान पावण्यापेक्षा खरे वाचून हसलेले बरे. आणि माझ्या या वागण्याने कंपनीचे नुकसान होत असेल, तर माझी खुर्ची आजपासून मोकळी समज.”

गिरिजाच्या डोळ्यांत पाणी आले; रागाचे होते की कशाचे, ते तिलाच ठाऊक. “तुमची खुर्ची कुठं मागितली मी? ... यल्लाप्पाकाका, फलटणच्या रस्त्यावर गाडी देते तुम्हाला. तिकडं कारखान्याचा संबंध नाही. घाट सोडा, एवढंच.”

यल्लाप्पाने खिशातून किल्ली काढली. ती टेबलावर आपटली नाही. देवापुढे ठेवावी तशी ठेवली.

“घाट न्हाई तर गाडी न्हाई, ताई. राग न्हाई तुमच्यावर.”

आणि तो बशीरच्या शेजारून बाहेर गेला. जाता जाता बशीरच्या कानाशी काही बोलला. बशीरने मान हलवली.

पुढचे अकरा दिवस यल्लाप्पा घरी होता. बाराव्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. एसटीने प्रवास करून आला होता, कपड्यांवर धूळ होती. पाणीही न घेता म्हणाला, “पोफळीला जाऊन आलो, स्वामी.”

“त्यांच्या घरी?”

“व्हय. ट्रकात बसून ह्ये कधी जमलं नसतं. मोकळा झालो, तवा पाय उचलला. समदं सांगितलं. पोरगा मोठा झालाय, केंद्रातच नोकरीला हाय. त्यो उठला मारायला. बाईनं हात धरला त्याचा.”

“काय म्हणाल्या त्या?”

“त्याला खाली बसवलं. मग म्हणाल्या, ‘एकोणीस वर्षं मी धुक्याला शिव्या घातल्या. धुकं पडलं की दार लावून घ्यायचे.’ पाणी दिलं मला. तांब्या पालथा घालताना म्हणाल्या, ‘आता पुन्हा या दारात येऊ नका.’” तो माझ्या ओसरीवर बसला आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, “बरोबर हाय त्येंचं.”

मी त्याला बसू दिले. सांत्वनाची वचने मला शेकडो पाठ होती. त्यांतले एकही त्या वेळी तोंडावाटे काढण्याच्या लायकीचे वाटले नाही.

त्याच आठवड्याचा अहवाल सोमवारी कचेरीत आला, आणि गिरिजाने मला हाका मारून बोलावले. संगणकाच्या पडद्यावर कुंभार्ली घाट लाल ठिपक्यांनी भरला होता. यल्लाप्पाची गाडी आवारात उभी होती, तरीही घाटात सहा थांबे. पाच वेगवेगळ्या गाड्या. आठ मिनिटे, नऊ मिनिटे, सात, पुन्हा नऊ. आणि प्रत्येकापुढे नवा रकाना: कारण चालकास ज्ञात.

तिने बशीरला आत बोलावले. तो टोपी सावरीत आला.

“बशीरभाई, मंगळवारी तुमची गाडी घाटात नऊ मिनिटं थांबली.”

“थांबली, ताई.”

“कारण?”

“चालकास ज्ञात!” बशीर इतक्या ठसक्यात म्हणाला की मला हसू आवरेना. “स्वामींनी शब्दच असा बनवलाय, की तोंडात घोळवावा वाटतो.”

“मस्करी पुरे. तुम्ही पाच जण ठरवून थांबलात. मी तुम्हाला सगळ्यांना उतरवू?”

“उतरवा की,” तो शांतपणे म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात मस्करी नव्हती. “आणि किल्ल्या कुणाला देणार? चार महिने झाले, गेटवर ‘ड्रायव्हर पाहिजे’ची पाटी लटकतेय. आले किती? एक आला, तो पण एसी विचारून गेला. ताई, यल्लाप्पा घाटात रस्त्यावरचे दगड उचलायचा. आम्ही इतकी वर्षं बघत होतो, बाजूनं हॉर्न मारून जात होतो. तो खाली उतरला, आता कोण उचलणार? त्या दिवशी जाता जाता मला एवढंच म्हणाला, ‘तिसऱ्या वळणावर नजर ठेव.’ का उचलायचा ते आम्हाला नाही माहीत. विचारणारही नाही. पण जो दगड दिसेल, तो आम्ही उचलणार. लाल ठिपका पडतो तर पडू दे.”

गिरिजाने पडद्यावरचे ठिपके पुन्हा एकदा मोजले. मग तिने फोन उचलला आणि आमच्यासमोरच कारखान्याच्या वाहतूक अधिकाऱ्याला लावला. पलीकडचा आवाज बराच वेळ चढाच होता. ती मधे मधे “हो”, “बरोबर” म्हणत राहिली, आणि एकाएकी तिचा स्वर तिच्या वडिलांसारखा झाला.

“साहेब, तुम्हाला माल हवाय की मिनिटं? माल हवा असेल, तर घाटाला पंधरा मिनिटं जास्तीची धरा आणि माझ्या ड्रायव्हरला कारण विचारू नका. जमत नसेल, तर दुसरी कंपनी बघा. मात्र तिलाही ड्रायव्हर शोधूनच आणावे लागतील.”

दोन दिवसांनी होकार आला. कुरकुरत आला, पण आला. गिरिजाने मला विचारले, “गुरुजी, दगड उचलायचा म्हणे. एवढंच होतं, तर सांगितलं का नाही? आता त्याचा सत्कार तरी करूया. शाल, श्रीफळ...”

“देवयोगाने तू मला विचारलेस,” मी म्हणालो. “त्याला हार घालू नकोस. किल्ली दे.”

तिने पुढे काही विचारले नाही. माझ्या शिकवण्यातले काही तिच्यात राहिले असेल, तर ते त्या न विचारण्यात होते. यल्लाप्पाला निरोप गेला. तो आला, किल्ली उचलून कपाळाला लावली, आणि स्टार्चची पोती भरलेली गाडी घेऊन घाटाकडे निघून गेला. पुढे सहा वर्षे त्याने तोच रस्ता चालवला.

या गोष्टीला आता बारा वर्षे झाली. मी एक्याऐंशी वर्षांचा आहे; यल्लाप्पा पाटणजवळच्या गावी नातवंडांत असतो. गेल्या महिन्यात त्यानेच मला शपथेतून मोकळे केले. “लिवा आता,” तो म्हणाला, “पण मला चांगला म्हणून लिवू नका.” मी तसे लिहिलेले नाही. जे घडले ते लिहिले आहे.

सदानंद घाग यांना सद्गती लाभो. ज्या माउलीने आपल्या घराचा घात करणाऱ्याला पाणी दिले आणि दारही बंद केले, तिच्या दोन्ही कृतींना माझा नमस्कार. तिचे उरलेले दिवस निवांत जावोत. गिरिजाच्या हातून असाच न्याय घडत राहो. यल्लाप्पाला शांत झोप लागो. आणि या घटकेला जे कोणी भरलेली गाडी घेऊन घाट उतरत असतील, त्यांचे ब्रेक घट्ट राहोत, डोळा सावध राहो, आणि घरी त्यांची वाट पाहणाऱ्यांना वेळेवर त्यांची चाहूल लागो. शिव त्या सर्वांचे कल्याण करो.